कुंकवाचा ठिपका

सानगडी, सोमवार, १ फेब्रुवारी १९८२

परवा मी लिहिलं की दसऱ्याच्या पूजेत आईने जुन्या जपानी दुर्बिणीच्या भिंगाला कुंकू लावलं, म्हणून ती बिघडली. ते चूक. आईवर उगीच आळ घेतला.

आज संध्याकाळीही अर्धा चंद्र धुरकटच दिसला. थकून कंदिलाजवळ भिंग पुसत बसले. कुंकवाचा एक ठिपका काही केल्या जाईना. तो आतल्या बाजूला होता! टिळा तर बाहेरून लावला होता. म्हणजे पूजेनंतर बाबांनी भिंग काढून धुतलं, तेव्हा ते उलटं बसलं; उलट्या भिंगातून सगळं धुरकटच दिसणार.

बाबा म्हणाले, "काच मेली तिची. काहून घासून राहिली? शुक्रवारी शाळेले देऊन टाकतो."

आई हसली. "माह्या टिळ्यानंच मेली म्हना!"

ज्या बाबांनी मला आकाश शिकवलं, त्यांना त्यांचीच चूक कशी सांगू? गुपचूप फिरवून ठेवू? मग आळ आईवरच राहील. आणि माझाच अंदाज चुकला तर? पण ठिपका आत आहे, एवढं खरं.

बुधवारी, तीन तारखेला, दिवसाउजेडी, बाबांच्या समोरच भिंग काढायचं.