लिनबाईची तबकडी आणि आपला डफ

सालमिया, कुवेत
नोव्हेंबर १९६४

प्रिय जमिला,

तुला सलाम आणि मुलांना खूप पापे. तुझं पत्र पोचलं, सुकटीची पुडीही पोचली. ती आणणाऱ्या महबूबभाईंच्या कपड्यांना बोटीवर काय वास लागला असेल, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक! माझ्या सफियाच्या लग्नात स्वयंपाकाचं सगळं तू बघणार, हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. पण पुढच्याच ओळीत लिहिलंयस, की गाण्यांसाठी लाउडस्पीकरवाल्याला सांगा, मी गाणार नाही. झालं! पडलेला जीव पुन्हा टांगणीला लागला.

तुझा राग मला पटतो, हे आधीच सांगते. अम्मा गेल्यावर हळदीचं गाणं तुझ्याकडे आलं. नवरीच्या माणसांना एकेक करून नावानं हाक मारायची, आणि ज्याची हाक येईल त्यानंच उठून हळद लावायची. हाकेशिवाय कुणी हात लावायचा नाही, अशी आपल्या घरातली रीत. आणि भावकीतल्या अशरफच्या बहिणीच्या हळदीला तू तिच्या मामूंच्या नावाची हाक घातलीस, तोच मांडवात लाउडस्पीकर सुरू झाला. मामूंना काही ऐकूच गेलं नाही. ते बाहेर पान चघळत बसून राहिले आणि वाटीत हळद वाळून गेली. तू डफ उचललास, घरी जाऊन खुंटीला टांगलास, तो आजतागायत तिथंच आहे. तुझ्या जागी मी असते, तर त्या माणसाच्या डोक्यात घातला असता. तू माझ्यापेक्षा शहाणी.

पण आता माझं ऐक. आमच्या खालच्या मजल्यावर हाँगकाँगहून एक चिनी जोडपं राहायला आलंय. नवरा शिंपी आहे, शहरातल्या मोठ्या दुकानात सूट शिवतो. बायकोला आम्ही लिनबाई म्हणतो. मूळची शांघायकडची, तिकडून हाँगकाँग, हाँगकाँगहून इथं. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच, म्हणजे बकाला नावाच्या इथल्या वाण्याच्या दुकानातून साखर आणण्यापुरतं. बाकी आम्ही हातवाऱ्यांवर भागवतो आणि अडलं की सफियाला बोलावतो. सफियाला तर काही विचारलं की उत्तर इंग्रजीतच येतं, म्हणून ती आमची दुभाषी. लिनबाईला माझी सोलकढी आवडते. मला तिचं काय आवडलं माहीत आहे? तिच्या तबकड्या!

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भाजी निवडत होते. सुरुवातीला एकच वाद्य, आणि ते असं गात होतं, की मला वाटलं कुणी बाईच गाते आहे. लिनबाईनं मग पेटीतून आपल्या वडिलांचं वाद्य काढून दाखवलं. मांडीवर उभं धरायचं, दोन तारा, त्यांच्यामधून गज फिरवायचा. अरहू म्हणतात त्याला. जुनं, गावाकडचं वाद्य. आणि तबकडीवर ते थोडं वाजतं न वाजतं तोच अख्खा बँड आला! पियानो, सॅक्सोफोन, नाचायला लावणारा ताल. मी मनात म्हटलं, आला बाई लाउडस्पीकर, आता हे म्हातारं वाद्य बुडालं. भाजी खाली ठेवून मी वाट बघत राहिले.

नाही गं बुडालं! गाणारी मुलगी आजच्या काळातली, मँडरिनमधलं गाणं अगदी आजचं, पण चाल तिनं गावातल्या बायकांची उचललेली. लिनबाई सांगते, तिची आजी होडीत बसून हीच चाल गुणगुणायची. एक ओळ झाली की बँड हळू होतो, अरहूला पुढे येऊ देतो, त्याचं सांगून झालं की मग पुन्हा उचलतो. मधेच बासरी येते, तिलाही जागा मिळते. घरात म्हाताऱ्या माणसाला हात धरून आणावं आणि मऊ गादीवर बसवावं, तसं त्या लोकांनी जुन्या वाद्यांना बसवलंय. काय ती रचना, काय ती समज! एक शब्द कळत नसूनही माझ्या डोळ्यांना पाणी आलं. ज्यानं कुणी हे जुळवलं, त्याच्या हाताला मी मनातून सलाम केला. त्या दिवसापासून माझी दुपार खालीच जाते, आमचे हे, मुस्तफा, बंदरावरच्या कामावरून आले की आधी तिथंच हाक मारतात.

गेल्या शुक्रवारी लिनबाईनं मला गायला लावलं. डफ कुठून आणणार? रव्याचा डबा पालथा घातला आणि आपलं हळदीचं गाणं धरलं. आमची सफिया, जिला आजवर ही गाणी म्हणजे गावठी कटकट वाटायची, ती कोपऱ्यातून उठली आणि माउथऑर्गनवर साथ करायला लागली. एकदाही माझ्या आवाजावर चढली नाही. हाकेच्या जागी थांबायची, हाक झाली की पुन्हा यायची. कुठं शिकली? त्याच तबकड्यांवर! मला जोर चढला, मी लिनबाईच्याही नावाची हाक घातली. सफियानं अर्थ सांगितला, तशी ती बाई उठली, आणि हळद नव्हती तर टेबलावरचा पिठाचा हात सफियाच्या गालाला लावला. तिघीही रडलो आणि मग हसलो.

पण पुढे माझी गाडी अडली. मामूंची हाक झाली, फुफूची झाली, त्यापुढचं मला येईना. अम्मानं ते तुला शिकवलं, मला नाही. मी तेव्हाही भाजीच निवडत असणार. लिनबाईची आजी वारली, पण तिची चाल तबकडीवर तरी राहिली. आपल्या अम्माचं गाणं कुठंच नाही जमिला, फक्त तुझ्या गळ्यात आहे.

आता खरं सांगते, हे पत्र मी सफियाच्या सांगण्यावरून लिहितेय. त्या दिवशी तिनं मला विचारलं, चक्क आपल्या बोलीत विचारलं, "आई, सगल्यांना जमिलाखाला हाक मारते, मग खालाला कोण मारते?" मी सांगितलं, गाणारणीला सगळ्यांत शेवटी हाक असते, आणि ती मारते तिच्याकडून गाणं शिकलेली मुलगी. अम्माला तू मारायचीस. अम्मा गेल्यापासून तुला कुणी हाक मारलेली नाही, प्रत्येक हळदीला तू तशीच कोरड्या हातांनी उठून आलीस, आणि आम्हा कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. सफिया म्हणाली, खालाला लिही, आपण रमजानच्या आधी गावी जाऊ, मला शिकायचंय. ईदनंतर तिची हळद. नवरीनं स्वतःच्याच हळदीत गायचं, असं आपल्याकडे कधी झालं नाही. बायका नावं ठेवतील, ठेवू देत. तुझी हाक तीच मारणार आहे. तेवढा डफ खुंटीवरून काढ आणि चुलीपाशी शेकून ठेव, इतक्या दिवसांत त्याचं कातडं सैल पडलं असेल.

बोटीकडे डोळे लावून बसलेली
तुझीच,
राबियाआपा