तेराव्याला बोललेल्या पाटल्या

मंगळवार, सांजच्याला

ह्यांच्या तेराव्याला जाऊबाई भर पंगतीत म्हणाली, "दानाचं काय ठरलं, की नुसतं जेवण?" मी रागात बोलून गेले, "माझ्या पाटल्या देते, विद्यापीठातल्या गरीब पोरींच्या फीला!" तिचं तोंड बंद झालं, पण मी अडकले.

आज विद्यापीठातली करमाडची एक पोरगी, फी मिळणार म्हणून, आधीच आभार मानायला आली. कपाशीवरच्या किडीवर संशोधन करती म्हणं. तिच्यासमोरच साबण लावून पाटल्या ओढल्या. मनगट सुजलं, पण पाटल्या काय निघंनात. पोरगी म्हणाली, "आजी, राहू द्या." राहू कशा देऊ? सगळ्या भावकीनं ऐकलंय.

उद्या शहागंजातल्या सोनाराकडून कापून घेते. त्यानं तेराव्याआधी माझी जीभ कापली असती, तर लई स्वस्तात पडलं असतं.