संदर्भसूचीतले श्री., सौ. आणि कै.

बरकतपुरा, हैदराबाद
गुरुवार

तीर्थरूप मुकुंदमामांच्या चरणी कुलदीपचा शिरसाष्टांग नमस्कार.

मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवावे. आपण रक्तदाबाची गोळी घेतली नसेल, तर आधी ती घ्यावी आणि मगच पुढे वाचावे. फोनच करणार होतो. पण बोलताना माझे वाक्य मध्येच सुटते, म्हणून लिहून त्याचा फोटो पाठवत आहे.

रंजनावहिनीचा मराठी शाळांवरचा प्रबंध पूर्ण झाला. मी बी.कॉम. अर्धवट सोडून अंबरपेठेतल्या छापखान्यात लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवतो (ऱ्हस्व-दीर्घाची चूक अजून निघालेली नाही), म्हणून शेवटची संदर्भसूची तिने विश्वासाने माझ्याकडे दिली. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून त्यासाठी एक सॉफ्टवेअर मिळते. पुस्तकाची माहिती एकदा भरली, की ते मजकुरात जागोजागी कंसात लेखकाचे आडनाव आणि पुस्तकाचे साल टाकते आणि मागे अकारविल्हे यादी लावते. ग्रंथालयातले यादगिरी मला म्हणाले, “नाम डालके छोड दो भाई, बाकी इनेच कर लेता.” मी नावे टाकली. आता मोठ्या माणसांची नावे नुसती कशी टाकणार? पत्रिकेत असतात तशी मानाने टाकली. पहिल्या चौकटीत श्री., सौ. किंवा कै., दुसरीत पूर्ण नाव. (पहिली चौकट आडनावाची होती. तिच्यावर तसे लिहिलेही होते. पण आडनाव आधी लिहायची रीत इकडच्या तेलुगू लोकांची, ती मराठी पुस्तकांना कशाला, असे मला वाटले.) यादी तयार झाली, तेव्हा आधी सगळे कै., मग सगळे श्री. आणि शेवटी सौ. असे नीट बसलेले पाहून मला फार समाधान वाटले.

प्रबंध विद्यापीठात गेला. तिथून परीक्षकांकडे रवाना झाला. मग वहिनीने आपली प्रत उघडली आणि मला हाक मारली, “भावजी, ही सौ. कोण हो? माझ्या निम्म्या प्रबंधात हीच बोलू लागलीय!” मी पाहिले. एका पानावर मुलींच्या शाळांना मोठा विरोध झाला (कै., १९६८), तर पुढच्याच पानावर विरोध मुळीच झाला नाही (कै., १९७१). दोन्ही बाजूंनी एकटे कै.च भांडत होते. दादा हसला, म्हणून वहिनी आता आम्हा दोघांशीही बोलत नाही. पुढच्या महिन्यात तिची कॉलेजात कायम होण्याची मुलाखत आहे. परीक्षकाने प्रबंध परत पाठवला, तर ती जागा गेलीच. मला अजूनही नीट समजत नाही, की एवढ्या शिकलेल्या यंत्राला ‘श्री.’ हे आडनाव कसे वाटले.

मामींना नमस्कार सांगावा.

आपला भाचा,
कुलदीप

ता.क. परीक्षक प्रा. प्रतापराव सोनखेडकर नांदेडला आपल्याच कॉलनीत राहतात. (हे नाव गुप्त असते, पण अक्षर चांगले म्हणून ऑफिसने पाकिटावरचा पत्ता माझ्याकडूनच लिहून घेतला.) पाकीट उद्या पोचेल. दुरुस्त प्रबंध मेलवर पाठवतो. आपण तो छापून घेऊन सहज गेल्यासारखे त्यांच्याकडे जावे आणि ते चहाचे सांगायला आत गेले, की प्रत बदलावी.

ता.क. २ जाण्यापूर्वी एक चौकशी बाहेरच्या बाहेर करावी. यादीत प्रतापरावांचेही एक पुस्तक आहे. ते इतके जुने, की पाने हातात सुटून येत होती. त्यावरून मी त्यांनाही कै. करून टाकले. ते सुखरूप असोत, हीच माझी इच्छा. पण तसे नसलेच, तर तेवढी एक ओळ जुनीच राहू द्यावी. तेवढे तरी माझे बरोबर निघेल.