गाण्यामागची खरखर

धुळे, श्रावण, १९९८

प्रिय लीलाधर,

तुझं पत्र मिळालं. पुण्यात घरी कॉम्प्युटर घेतलास, वाचून बरं वाटलं. पोटात दुखलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल, आणि खोट्याची गरज मला पुढे लागणार आहे, म्हणून आत्ता खरं लिहिते. आईला घेऊन इथे दवाखान्यात आहे. घशाचं ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, मिसरीच्या तंबाखूने केलं.

नरडाण्याच्या शाळेतली ती कॉम्प्युटरची खोली आठवते का तुला? चपला बाहेर काढून आत जायचं, देवळात जातात तसं. आठवड्यातून एकदा पाळी, एका मशीनवर चार पोरं. घरी मी पुठ्ठ्यावर कळफलक काढला होता. तू वहीतल्या ओळी वाचायचास आणि मी पुठ्ठ्यावर बोटं आपटायची. ओळ चुकवलीस की तुझा कान पिळायचे. माझा तो लांबलचक प्रोग्राम म्हणजे काय, तर पडद्यावर आपलं स्टेशन आणि धडधडत येणारी गाडी. खऱ्या नरडाण्याला एक्स्प्रेस ढुंकून बघत नव्हती. माझ्या स्टेशनात बठ्ठ्या, एकूणएक गाड्या थांबायच्या. मशीन बंद केलं की सगळं पुसलं जायचं, म्हणून चुडामण सरांनी तो प्रोग्राम गाण्याच्या असतात तसल्याच साध्या कॅसेटवर उतरवून माझ्या हातात दिला. धुळ्याच्या कॉम्प्युटर स्पर्धेत पोरीचा नंबर आला तर तिला जळगावला तंत्रनिकेतनात घालीन, असं आपल्या वडलांनी, नानांनी, चारचौघांत कबूल केलं होतं.

स्पर्धेच्या तोंडावर घरी श्रावणातली कानबाई देवी बसली. मोठं काम असलं की ती वस्तू आधी तिच्यापुढे ठेवायची, म्हणून मी कॅसेट ठेवली. भटूकाका सुरतेहून टेप घेऊन आला होता आणि आईचं गाणं भरून घ्यायचा बायांचा हट्ट. मी आत नैवेद्याच्या रोटाचं पीठ मळत होते. त्यांनी कॅसेट लावून पाहिली तर नुसती चिरकी खरखर. आई काकूला म्हणाली, "टेप बिघडेल शे व माय, नुसती केकाटस." टेपच बिघडलाय आणि देवीपुढची कॅसेट ती देवीच्याच गाण्याची, असं धरून तिने त्यावर गायलं. एवढ्या आवाजांत मला काय कळणार?

स्पर्धेत मशीन कॅसेटवर माझा प्रोग्राम नुसतं शोधत राहिलं. शेवटी परीक्षकांनी कॅसेट मोठ्याने लावली आणि भरल्या हॉलमध्ये आपली आई गायला लागली. लोक हसले रे. अजून मला ते हसणं ऐकू येतं. नंबर आला नाही, तेव्हा नानांनी शब्द मोडला असंही म्हणता येत नाही. पुढे मी पिंपळनेरला नांदायला गेले, पुठ्ठा तुला दिला. आईला मी एका शब्दाने बोलले नाही. बोलले असते तर तिलाही रडता आलं असतं. त्यानंतर ती कानबाईला कधी गायली नाही. बाया गळ घालायच्या, ही पदर तोंडाला लावून चुलीपाशी जाऊन बसायची.

परवा तिची लुगडी आणायला घरी गेले, तर पेटीत तळाशी तीच कॅसेट. इथे दवाखान्यात आणून शेजारच्या खाटेवाल्यांचा टेप मागून लावली. काय आवाज होता रे आपल्या आईचा! गाणं संपलं आणि मागून माझ्या प्रोग्रामची खरखर सुरू झाली, उरली होती तेवढी. मी बंद करायला गेले तर तिने माझं मनगट धरलं. शेवटपर्यंत ऐकलं. मग कॅसेटकडे बोट केलं, माझ्याकडे केलं, आणि हातानेच विचारलं, यातून तुझं परत निघेल का. मी हो म्हटलं. तिला पटलं नाही. तिच्या लेखी मला काय कळतं त्यातलं, मी चूल फुंकणारी. अर्ध्या कॅसेटमधून काही निघत नाही हे तुला ठाऊक आहे, मलाही आहे. डॉक्टरांनी तिला आता घरी न्या म्हणून सांगितलंय. हे पत्र पोचेल त्याच दिवशी नीघ. तू शिकलेला, तुझं ती मानेल. तिच्यासमोर कॅसेट हातात घे आणि सांग, अक्काचं सगळं सापडलं, काही पुसलं गेलं नव्हतं, गाडी स्टेशनात थांबते.

तुझीच वाट बघणारी,
अक्का