बेडकाविना डॉक्टर

३ जून १९३५, सोमवार.
सिद्धेश्वराला जाऊन आले. आपल्याच दुकानातलं मिलचं नवं लुगडं नेसले होते. हातमागाच्या निम्म्या किमतीत, आणि तुळतुळीत किती! लोकांना काटकसर करता येत नाही, त्याला कोण काय करणार?

देवासमोर ठरवलं, माझा शिवपुत्र डॉक्टर होणार. शेजारच्या गंगम्माचा जावई नुसता कंपाउंडर, तरी तिचे पाय जमिनीला लागत नाहीत.

दुपारी. शेवयांची खीर वाढत होते. शिवपुत्र पुण्याच्या कॉलेजातून सुटीला आलाय. म्हणाला, अव्वा, यंदा इंटर सायन्स, त्यात दोन ग्रुप असतात. ए म्हणजे गणित. बी म्हणजे बायॉलॉजी, त्यात बेडूक कापायचा. चारी पाय टाचण्यांनी ठोकायचे, पोट उभं चिरायचं, की आतडी बाहेर येतात. अगदी ह्या शेवयांसारखी, म्हणाला. काळीज नंतरही उडत असतं म्हणे.
शी! शी! शी! लिंगायताच्या घरात हे बोलणं!
खीर मला गेली नाही. टाकलीही नाही. संध्याकाळी यजमान दुकानातून आल्यावर त्यांना वाढली. त्यांना काही सांगितलं नाही.

४ जून.
निर्णय झाला. ए ग्रुप. त्याला गणितात नव्वदच्या खाली कधी मिळत नाहीत. मार्क भरपूर असले की मेडिकलवाले हात जोडून बोलावतील. ज्वारी मापताना कुठल्या शेतातली हे कोणी विचारतं का? मी मॅट्रिक आहे, मला कळतं.
शिवपुत्राला गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की बेडकाला शिवणार नाही. लगेच घेतली. एवढी आज्ञाधारक पोरं हल्ली कुठं असतात?

९ जून, रविवार.
यजमानांचा खोकला बघायला सिद्धाराम डॉक्टर आले. म्हणाले, अक्का, बायॉलॉजी न्हाय तर मेडिकल न्हाय, बेडूक कापल्याबिगर ते दार उघडत न्हाय की! तंबाखू मळायची आणि त्याच हातानं लोकांची पोटं दाबायची, असला हा माणूस. स्वतः थर्ड क्लास. दुसऱ्याचं पोर फर्स्ट क्लासात आलं की पोटात दुखणारच. त्याचं औषध त्यांच्याकडे नाही.
शिवपुत्र त्यांना दारापर्यंत पोचवायला गेला. दोघं बराच वेळ हसत होते. मोठ्यांशी कसं वागावं, हे त्याला बरोबर कळतं.

२९ ऑक्टोबर.
दिवाळीला पुण्याहून आलाय. माझं शिवणाचं मशीन सगळं खोलून पसरलं, तेल घातलं, परत जोडलं. दोन स्क्रू उरले, पण चालतं पहिल्यापेक्षा छान. सर्जनची बोटं! गंगम्माला मुद्दाम बोलावून दाखवलं. ती म्हणाली, माणसाचं पोट शिवल्यावर असंच काय उरलं तर गं?
अडाणी बाई.
रोज मिलच्या इंजिनघरात जाऊन बसतो. मजुरांच्या तब्येती बघत असणार. आतापासून दया आहे.

८ जून १९३६, सोमवार.
फर्स्ट क्लास! गणितात शंभरात अठ्ठ्याण्णव! गंगम्माला सांगून ठेवलं, मेडिकलचं पक्कं झालं की पेढे.

१४ जून.
यजमानांना म्हटलं, मेडिकलला अर्ज करा. ते खोकले. म्हणाले, बायॉलॉजी नाही तर अर्ज कसला? त्याचं इंजिनियरिंगला ठरलंय. वर्षभर तेच ठरलेलं होतं. फॉर्मवर सही मीच केली, म्हणाले.
वर्षभर! एका घरात राहून!

शिवपुत्राला समोर बसवलं. विचारलं, तू बी ग्रुपची खोली तरी बघितलीस का रे? मग त्या शेवया? म्हणाला, हॉस्टेलातल्या सोबत्यानं सांगितलं होतं अव्वा, शेवया तेवढ्या माझ्या.
मी रडले नाही. म्हटलं, बरंच झालं. इंजिनियरिंग माझ्याही मनात पहिल्यापासून होतंच. लोखंड कसं स्वच्छ. ना रक्त, ना आतडी. पास झालास की इथल्याच मिलमध्ये लाग.
तर म्हणतो कसा, तिथं खळीच्या खात्यात एकदा येऊन बघ की. सूत तुटू नये म्हणून खळ लावतात. कढईत पीठ असतं आणि चरबी.
कुणाची चरबी, विचारलं.
स्वस्त मिळेल त्याची, म्हणाला. म्हणून तर कापड असं तुळतुळीत येतं.
आणि माझ्या पदराकडे बघितलं.

संध्याकाळी.
वर्षभर हेच नेसून लिंगपूजा केली. शी! बेडूक तरी धुऊन घेत असतील.
अंघोळ केली. परत केली. नेसायला काही नाही. ट्रंकेतलं झाडून सगळं आपल्याच दुकानातलं, मिलचं. हातमागाचं एकही लुगडं मी ह्या घरात येऊ दिलं नाही. अंगाला घोंगडी गुंडाळून बसले आहे. हिला चिंचोक्याची खळ असते, एवढं मला नक्की माहीत आहे. उकाड्यानं जीव जातोय, आणि लोकर सगळीकडे टोचतेय.
बाहेर गंगम्मा आलीय. शिवपुत्राला विचारतेय, पेढे कुटं हायत, आणि डॉक्टरची आई कुटं लपून बसली?