फणसाखालची माती

आई, आज सकाळी गायरीत, खताच्या ढिगात, कोपरापर्यंत हात घातला. गायरी म्हणजे आता तुझ्या वेळची ती मोठी शेणाची गायरी नव्हे. गुरे गेल्याला बरीच वर्षे झाली. परसाच्या टोकाला मी चिऱ्यांचे दोन चौकोनी कप्पे बांधून घेतले आहेत. एकात ताजा ओला कचरा आणि फणसाची वाळलेली पाने थरांनी घालतो, दुसऱ्यात मुरत आलेले खत. प्रत्येक थर कोणत्या दिवशी घातला ते वहीत लिहितो, आणि लांब दांडीचा थर्मामीटर खुपसून उष्णता पाहतो. तुझी सून हसते. म्हणते, "ताप किती आहे हो त्याला? गोळी देऊ का?" थर्मामीटर कालपासून बाहेरच्या हवेइतकेच अंश दाखवतो आहे. तरी मी हात घातला, कारण तू हातच घालायचीस, आणि मला या वेळी चूक परवडणारी नाही.

तुझ्या धाकट्या बहिणीच्या परसात आता घर उभे राहते आहे. तिथली मिरवेल तोडण्यापूर्वी मावशीच्या सुनेने तिचा एक फाटा पिशवीत रुजवला आणि डिचोलीहून पाठवला. तू लग्नात माहेराहून आणलेल्या वेलीचा फाटा तूच मावशीला दिला होतास. त्या वेलीचे एवढेच उरले आहे. पिशवीच्या तळातून मुळे बाहेर आली आहेत आणि दोन पाने पिवळी पडली आहेत. आणखी थांबवता येणार नाही. परसात आधाराला झाडही एकच उरले आहे, तो फणस. परवा मी त्याच्या बुंध्याशी खड्डा घेतला, तशी तुझी सून पिशवी छातीशी धरून उभी राहिली. "इथे नाही लावायची. आईंनी मला बजावून सांगितलं होतं. या मातीत मर आहे, या फणसाला पुन्हा मिरी दाखवू नको म्हणून." मी म्हटले, एवढ्या वर्षांत रोग राहत नाही. ती म्हणाली, "तुम्हाला कसं ठाऊक? आईंपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?" या प्रश्नाचे खरे उत्तर माझ्याजवळ होते आणि ते मी दिले नाही. कुदळ तिथेच टेकवून घरात आलो.

तो उन्हाळा मला तपशिलासह आठवतो. माझा बी. कॉम.चा निकाल लागला आहे. नोकरी लागायची आहे आणि मी घरातल्या प्रत्येक कामात सुधारणा सुचवतो आहे. तुझ्या गायरीला वर्षभर लागते, हे मला वेळेचे नुकसान वाटते. शेजारच्या भाटीवर, काजूची दारू गाळतात तिथे, बोंडू मळून रस काढला की उरलेला चोथा ढिगांनी पडून असतो. मी तो पाट्या भरभरून आणतो, शेणात मिसळतो, वरून प्लास्टिक घट्ट बांधतो. तीन आठवड्यांत ढीग काळा होतो. तू येतेस, प्लास्टिकखाली हात सारतेस आणि लगेच काढून घेतेस. "ऊब लागता मरे? म्हणजे अजून जेवता तें. जेवणाऱ्याक पानावरसून उठवू नये." मी हसतो. खताला पान कसले आणि जेवण कसले!

मग तू चार दिवस माहेरी गेलीस. तुला आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून मी फणसावरच्या तीन वेलींपैकी सर्वांत जुन्या, तुझ्या वेलीच्या मुळाशी ते खत पाच पाट्या घातले. दुसऱ्या दिवशी पाने लोंबली. तिसऱ्या दिवशी ती काळी पडून गळू लागली. मी सगळे खत हातांनी खरवडून परत गायरीत टाकले, बुंध्याशी सुकी माती पसरली, वर पाचोळा घातला. मातीवर एक खूण राहिली नाही. तेवढ्या काळजीने मी त्यापूर्वी कोणतेही काम केले नव्हते.

तू आलीस ती पायांतल्या वहाणाही न काढता परसात गेलीस. गळलेले एक पान उचलून उलटसुलट पाहिलेस. मी म्हणालो, "मर लागली, आई." तू माझ्याकडे वळलीस. "वैशाखात मर? पावस नाय, पाणी नाय, मर कशी लागतली?" तुझे बरोबर होते. मर पावसात लागते, हे तुला अनुभवाने ठाऊक होते. त्या क्षणी मी गप्प राहिलो असतो तरी पुरे होते. पण मी म्हणालो, "पुस्तकात आहे. उन्हाळ्यातही लागते." असे कोणतेही पुस्तक नव्हते. तू आणखी थोडा वेळ ते पान हातात धरून राहिलीस, मग म्हणालीस, "शिकलेल्यान सांगल्यार आयकूक जाय. मग त्या दोनूय काडूक जाय, नायतर रोग पसरतलो." बाकीच्या दोन्ही वेली हिरव्यागार होत्या. त्यांच्यावर त्या वर्षी घोस धरायचे होते. शिकलेल्या मुलाचे ऐकायला हवे म्हणून तू त्या दुपारच्या आत तोडल्यास, परसाच्या कोपऱ्यात जाळल्यास, आणि पुढे बाजारातून मिरी आणताना प्रत्येक वेळी म्हणायचीस, "आमच्या मातयेक रोग आसा." दोष तू मातीला दिलास. मी तो तिच्या माथी राहू दिला.

काल संध्याकाळी मी तुझ्या सुनेला सगळे सांगितले. ती नारळ किसत होती. मोप्याच्या विमानतळाकडे उतरणारे विमान डोक्यावरून गेले, तिचे किसणे चालूच होते. मग म्हणाली, "म्हणजे माती चांगली होती." मी हो म्हटले. "आणि मी वीस वर्षं त्या फणसाखाली तुळससुद्धा लावली नाही." ती उठून आत गेली. रात्री जेवण वाढून निघून गेली. आज सकाळी पाहिले तर पिशवी फणसाखाली, मी घेतलेल्या खड्ड्याशेजारी ठेवलेली होती. मी गायरीकडे निघालो तशी मागून म्हणाली, "थर्मामीटर ठेवा तो. हात घाला."

हात घातला. वरचा थर गार आहे. बोटांच्या टोकांशी, अगदी आत, किंचित ऊब आहे. जेवण अजून आटोपलेले नाही. म्हणून वेल आज नुसत्या मातीत लावली, त्याच मातीत. बुंध्याशी फक्त वाळलेली पाने घातली. खत तिला गार झाल्यावर देईन. पिवळी पाने तोवर टिकतील की नाही, हे मला सांगता येत नाही.

हे पत्र मी कपाटात ठेवणार आहे. तुझ्या सुनेला काल सगळे सांगितले असे वर लिहिले आहे, ते पूर्ण खरे नाही. तिने विचारले होते, "आईंनी चांगल्या वेली तोडल्या, तेव्हा तुम्ही कुठे होतात?" मी म्हणालो, घरात. मी घरात नव्हतो, आई. तू कोयता मागितलास, त्याची धार गेली होती. परसातल्या दगडावर बसून ती मी लावून दिली.