कागदावरची बहीण

बाबा,

आई अंगणात उन्हाला बसली आहे. गुडघ्यांना तेल लावायचं, मग तासभर ऊन, मग आंघोळ, हा तिचा रोजचा क्रम, आणि तो मोडायची कोणाची छाती नाही. तेवढ्या तासात हे लिहून काढायचं ठरवलंय. घरात मी तुम्हाला ‘तू’ म्हणायचे, पण पेन हातात आलं की माझ्यातली मास्तरीण जागी होते आणि वडिलांना ‘तुम्ही’च लिहिलं जातं, तेवढं चालवून घ्या. तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं झाली. आई आता नव्वदीची आहे, इथे डिचोलीला माझ्याकडेच असते, आणि तुमच्या लढाईची पेन्शन तिला गेल्या महिन्यापासून सुरू झाली. बातमी चांगलीच आहे. पण ती सुरू कशी झाली हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही, आणि ज्याचं नाव त्यात गेलं त्यालाच ते सांगावं असं वाटलं.

या सगळ्याला सुरुवात आईनेच केली. हरमलला तिची एक जुनी मैत्रीण आहे, खोल्या भाड्याने देतात त्यांच्याकडची. तिचाही नवरा तुमच्यासारखाच दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला. अशा विधवांना सरकार दर महिन्याला काही देतं हे तिच्या नातवाने शोधून काढलं, तिला मिळायलाही लागलं, आणि तो नातू मोटरसायकलवरून इथवर पेढे घेऊन आला. आईने पेढा खाल्ला, त्याला चहा दिला, आणि तो गेल्यावर मला म्हणाली, “तिचो घोव लढाईक गेल्लो तर माजो काय जत्रेक गेल्लो?” दुसऱ्या दिवशी तिने तुमची लोखंडी पेटी माझ्याकडून उघडून घेतली. तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत तुमचं सैन्यातून सुटल्याचं पुस्तक होतं, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण आतली अक्षरं शाबूत.

त्यावर नाव तुमचं, आडनाव तुमच्या मामांचं आणि गाव सातार्डा. आम्हा दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती. तेव्हा तुमचं पेडणे पोर्तुगिजांकडे, आणि नदी ओलांडली की सातार्डा, सावंतवाडी संस्थान. भरती व्हायची ती पलीकडे. गोव्याचा म्हटलं तर परका म्हणून हाकलतील, म्हणून तुमच्या मामांनी सतरा-अठरा वर्षांच्या भाच्याला भरतीच्या टेबलापुढे उभं केलं आणि सांगितलं, हा माझा मुलगा. टेबलावरच्या माणसाने लिहून घेतलं. लढाई संपली, तुम्ही धडधाकट परत आलात, आणि काही वर्षांनी त्याच मामांनी आपली धाकटी मुलगी तुम्हाला दिली. मामाची मुलगी करून घेणं आपल्यात चालत आलेलं, उलट घरातली मुलगी घरात राहिली म्हणून सगळे खूष. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून कोणी कधी पाहिल्या नाहीत. मी बत्तीस वर्षं मुलांना बेरीज शिकवली, मीही पाहिल्या नाहीत.

पुस्तक पणजीच्या कार्यालयात दिलं, त्यांनी ते तुमच्या पलटणीकडे पाठवलं, आणि आठ महिन्यांनी उत्तर आल्यावर आम्हाला बोलावणं आलं. आईने त्या दिवशी इस्त्रीचं नऊवारी नेसून डोक्यात अबोली घालायला मागितली. विधवा झाल्यापासून तिने फूल माळलं नव्हतं, मग स्वतःच म्हणाली, नको, लोक हसतील. लोक हसले ते वेगळ्याच गोष्टीला. खिडकीमागचा कारकून भला माणूस होता, हे मुद्दाम सांगते. त्याने आईचा शाळेचा दाखला एका हाताला ठेवला, पलटणीचं पत्र दुसऱ्या हाताला, दोन्हीवर बोट फिरवलं आणि हळूच म्हणाला, “आजी, रागार जावं नाकात. तुमच्या बापायचें नांव आनी ह्या सैनिकाच्या बापायचें नांव एकूच. आडनांव एक, गांव एक. कागदार हो तुमचो भाव जाता. भावाचें पेन्शन भयणीक मेळना.”

आईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “भाव? चार पोरां झाली माका तेच्यापासून.” मागे कोणीतरी हसलं, मग आणखी दोघे. कारकुनाने मान खाली घातली. “हांव समजतां आजी, पूण कागद समजना,” एवढंच तो म्हणाला. आईने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि डिचोलीच्या बसमध्ये बसेपर्यंत तो खाली केला नाही. पणजी मागे पडल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, “माका पैसे नको आता. मी तेची बायल म्हणान एक कागद व्हयो. तेवडो एक कागद माका आणून दी.”

तेव्हापासून घरात दुसरा विषय उरला नाही. येईल त्याला ती तुमच्या लग्नाची गोष्ट सांगायची. पोदेर सकाळी पाव घेऊन यायचा, त्याचा हात पिशवीतच राहायचा आणि आई त्याला कोणत्या पाटावर कोण बसलं होतं, अंतरपाट कोणी धरला होता ते सांगत असायची. बिचारा “हय आजी, हय आजी” करत उभा. तुमच्या लग्नाला असलेलं एकही माणूस आता जिवंत नाही, सातार्ड्यालाही नाही. मी जाऊन पाहून आले. लग्नाची पोर्तुगीज नोंद मिळाली, पण तिच्यात तुम्ही आपल्या खऱ्या वडिलांचे चिरंजीव, पेडण्याचे. म्हणजे आईचा नवरा होता तो लढाईला गेला नव्हता, आणि लढाईला गेला होता तो तिचा भाऊ होता. इकडे आड, तिकडे विहीर.

डिचोलीला कोर्टाच्या समोर एक वकील मुलगी बसते. माझीच विद्यार्थिनी, पहिलीत ‘र’ आणि ‘स’ उलटे काढायची. तिने पाच मिनिटांत उपाय सांगितला: आईने प्रतिज्ञापत्र करायचं की माझ्या पतीने भरतीच्या वेळी वडिलांचं नाव आणि गाव खोटं सांगितलं, आणि माझ्या वडिलांनी त्याला दुजोरा दिला. मी आनंदाने घरी येऊन आईला सांगितलं. ती कोकमं उन्हात पसरत होती. हात न थांबवता म्हणाली, “माज्या बापाशीक आणि घोवाक खोटे म्हणान मी सही करूचंय नाय.” मी समजावलं, चिडले, शाळेत चढवायचे तसा आवाज चढवला. “बापाशीन खोटा काय सांगल्यान?” ती म्हणाली. “भाचो म्हणजे झीलच. ह्या तुज्या वकिलणीक म्हायत नाय तर तिका सांग.” आणि पुन्हा कोकमांकडे वळली. सहा महिने ती तिथून तसूभर हलली नाही.

त्या सहा महिन्यांत ती खंगली, बाबा. जेवण अर्ध्यावर आलं. एकदा दुपारी मी खोलीत गेले तर तुमचा फोटो तिने भिंतीवरून काढून मांडीवर घेतला होता आणि काचेवर बोटाने काहीतरी लिहीत होती. मला पाहून म्हणाली, “सरकार म्हणता म्हणजे लोक तसाच म्हणतले. मी गेल्यार काय लिवतले, भयण गेली?” मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. तिच्या डोळ्यांत खरीखुरी भीती होती. सत्तर वर्षांचं तिचं आयुष्य कोणीतरी एका रेघेने खोडलं होतं, आणि ते पुन्हा लिहून घ्यायला तिच्याकडे फार दिवस उरले नव्हते. त्याच संध्याकाळी मी वकील मुलीला फोन केला आणि म्हटलं, तू कागद तयार कर, आईची सही मी घेते.

प्रतिज्ञापत्र इंग्रजीत असतं हे मला माहीत होतं, आणि आईला इंग्रजीचं अक्षर येत नाही हेही. तयार कागद वकील मुलीकडे वाचताना एका ओळीपाशी मात्र मी अडले. तिथे टाइप केलं होतं की तुम्ही अशिक्षित आणि अडाणी असल्यामुळे खोटं नाव दिलंत. मी म्हटलं, हे काढ, माझे वडील अडाणी नव्हते. ती म्हणाली, “टीचर, कारण दिवंक ना जाल्यार ती फसवणूक जाता. अडाणी म्हटलें की सोडटात. सगळेच असें बरयतात.” सगळे लिहितात म्हणून आपण लिहायचं का, असं म्हणत मी दुसरं कारण शोधायला गेले आणि लक्षात आलं की ते माझ्याकडे नाही. तुम्ही का गेलात? पोटासाठी, रागावून, की नुसतं जग पाहायला? लहानपणी मी वर्गात माझे बाबा लढाईत होते म्हणून फुशारकी मारली होती, तेव्हा तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, “लढायच्या गोष्टी शाळेत सांगूंच्यो न्हय.” एवढ्यावर मी जन्मभर गप्प राहिले. मोठी झाल्यावरही कधी विचारलं नाही. मग त्या ओळीवर दुसरं काय लिहिणार होते मी? असू दे, म्हटलं.

असू दे म्हणताना मला काय आठवत होतं तेही सांगते. तुम्ही खाणीवरून ट्रक घेऊन घरी यायचात, बॉनेटवर बोटभर लाल धूळ. आई मागीलदारी पाणी तापवून ठेवायची, आणि ते तापेपर्यंत तुम्ही मला बॉनेटशेजारी स्टुलावर उभं करून त्या धुळीत बोटाने इंग्रजी अक्षरं काढायला लावायचात. माझ्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं, मी दुसरीत होते. तुम्ही ती सैन्यात शिकला होतात, गाडीच्या भागांवरची नावं वाचता यावीत म्हणून. एक अक्षर चुकलं की फुंकर मारून सगळी ओळ पुसायचात आणि पुन्हा काढायला लावायचात. मी पुढे डी.एड. झाले, मास्तरीण झाले, ती त्या धुळीतून झाले. आणि तीच मी खुर्चीत बसून, चष्मा लावून, तुम्हाला अशिक्षित म्हणणाऱ्या कागदाखाली साक्षीदार म्हणून इंग्रजीत सही केली. मला माझी किळस आली. तरी सही सुबक आली, सवयच ती.

आईला मी सांगितलं, हा तुला पाहिजे होता तो कागद, तो तुझा नवरा असं यात लिहिलंय. ते खोटं नव्हतं. तिने दोनदा विचारलं, “ह्येच्यात तेका खोटो म्हणान नाय मां?” मी दोन्ही वेळा “नाय” म्हटलं. मग तिने सातार्ड्याच्या शाळेत शिकलेल्या अक्षरांत नाव लिहिलं, एकेक अक्षर, आणि शेवटी सगळ्यांवरून एक लांब रेघ ओढली. बत्तीस वर्षं मी पोरांना खोटं बोलल्याबद्दल अंगठे धरून उभं केलं. त्यातल्या एकाने त्या दिवशी मला पाहायला हवं होतं.

मंजुरी दोन महिन्यांत आली. ती आल्यापासून आई दोन घास जास्त जेवते. पोदेराला तिने लग्नाची गोष्ट सांगणं बंद केलं. तोच परवा म्हणाला, आजी आता बोलत नाही, बरी आहे ना. पैसे बँकेत येतात, त्यांची चौकशी ती करत नाही. तिला कागदच पाहिजे होता. तिने मला बाजारात पाठवून त्या मंजुरीला काचेची चौकट करून घेतली आणि तुमच्या फोटोखाली खिळा ठोकून घेतला. चौकट लावल्यावर म्हणाली, मोठ्याने वाच. मी वाचलं, मराठी करत करत. एक वाक्य सोडून वाचलं. ते तिच्या लक्षात आलं नाही, कारण मी मधे थांबले नाही.

मग ती खुर्ची ओढून जवळ आली आणि म्हणाली, “तेचा नाव खय लिवलां ता दाखय.” आता त्या कागदात आईचं नाव चार ठिकाणी आहे, बाबा, पण तुमचं एकदाच आहे. सरकारने ते आमच्याच प्रतिज्ञापत्रातून उचललंय: अमुक अमुक यांनी, अशिक्षित व अडाणी असल्याने. दुसरीकडे कुठेही नाही. मी तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. तेव्हापासून रोज आंघोळ झाली की ती तिथे जाते, त्याच ओळीवर बोट टेकवते, मग ते बोट कपाळाला लावते. काचेवर तेवढ्या जागी एक डाग पडलाय. मी तो पुसत नाही.

तिला मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तुमची माफी मागायला बसले होते, पण खरं सांगायचं तर तिला तशी उभी पाहिली की मला बरंच वाटतं, आणि पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तीच सही करीन. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, ती उठली वाटतं. हे सगळं मी मराठीत लिहून बसले आहे, आणि मराठी तिला चांगलं वाचता येतं. ती आत यायच्या आधी हे चुलीत घालायला हवं.